आत्ता पाहणारे : एक

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामेभावाची आहे. आणि ती रात्रीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणाची तक्रार नको. अमावास्या नव्हती. पिंपळ नव्हता. कुत्रं रडलं नाही.

टळटळीत दुपार होती. वैशाखातली. ठिकाण देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी.

ज्यांनी आमच्याकडची उन्हाळ्यातली दुपार पाहिली आहे, ते रात्रीला भीत नाहीत. रात्री निदान ट्रक असतात. दुपारी काहीच नसतं.

आणि देवगाव फाट्याचं एक आहे. इथं कुणी येत नाही. इथून सगळे जातात. कुणी सेलूला, कुणी जिंतूरला, कुणी जालन्याकडं. एसटी थांबते, लोक उतरतात, चहा पितात, दुसऱ्या एसटीत बसतात. फाट्याच्या मागच्या बाजूला एक पत्र्याचं घर आहे, तिकडं कुणी मान वळवून बघतही नाही.

त्या घरात योगीराज राहतो. माझा मामेभाऊ.

त्या उन्हाळ्यात तो एकटाच होता. त्याची बहीण प्रियांका हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण डॉक्टरनं प्रवासाला नको म्हटलं, तेव्हा अख्खं माहेरच तिच्याकडं गेलं. बन्सीधरमामा गेले, सवितामामी गेल्या, कांडपावरून आणलेलं तिखट गेलं, बाळंतविड्याचे डबे गेले. मागं राहिला फक्त योगीराज. सामानात बसला नाही म्हणून.

त्याला काम मात्र होतं. पुण्यातल्या एका वस्तुसंग्रहालयाचं.

त्या संग्रहालयाकडं मराठवाड्यातली जुनी भांडी आहेत. तांबे, घागरी, गंगाळं, पराती. मोडीत निघालेली, कुणीतरी गोळा केलेली. आपल्याकडं भांड्यावर नाव टाकायची पद्धत आहेच. छिन्नीनं ठिपके ठोकत जायचं, ठिपक्यांचं अक्षर होतं, अक्षरांचं नाव होतं. कुणाच्या लग्नात कुणी दिलं. कोण गेलं, म्हणून कुणी वाटलं. अर्धा जिल्हा असा भांड्यांवर लिहिलेला आहे.

योगीराजनं या सगळ्यांचं एक पेज बनवलं. साधे फोटो लावून सोडून दिले नाहीत. एक भांडं म्हणजे एक ठिपका. काळ्या पडद्यावर असे कितीतरी ठिपके. 'धातू' दाबलं, की पितळ एकीकडं पळतं, तांबं दुसरीकडं. 'गाव' दाबलं, की सगळे ठिपके उठून आपापल्या गावाला जाऊन बसतात. सोनपेठचे सोनपेठला, पाथरीचे पाथरीला. एकही ठिपका दुसऱ्याच्या जागेवर रुमाल टाकत नाही. ठिपक्यावर टिचकी मारली, की भांडं उघडतं. नाव मोठं करून वाचता येतं.

कोपऱ्यात एक आकडा होता. 'आत्ता पाहणारे.' जो कुणी पाहत असेल, तो कुठल्या ठिपक्यापाशी आहे, हे दाखवणारं एक बारीक करडं कडंही फिरायचं. योगीराज स्वतः त्या आकड्यात मोजला जात नसे.

तसा तो त्या उन्हाळ्यात कशातच मोजला जात नव्हता.

संग्रहालयाच्या राजशेखर सरांनी सांगून ठेवलं होतं, "उन्हाळा संपेपर्यंत पेज ठेवू. कुणी बघतंय असं दिसलं तर पुढं चालू. नाही तर बंद करू, साधे फोटो टाकू. चालेल ना?"

योगीराज म्हणाला, "चालेल सर."

चालणार नव्हतं. दीड वर्ष खपला होता तो त्या ठिपक्यांवर. त्याला जगाकडून फार काही नको होतं. कुणीतरी एकानं ते नीट बघावं, एवढंच.

घरच्या ग्रुपवर त्यानं लिंक टाकली. आबासाहेबकाकांनी उत्तर म्हणून कमळाचं फूल पाठवलं. मी अंगठा दाखवला. पेज उघडलं नाही. अंगठा दाखवायला पेज उघडावं लागत नाही.

आकडा शून्यावर होता. चैत्र गेला. शून्य.

मग ती दुपार आली.

जेवण झालेलं. बाहेर झाडावर होला पक्षी घुमत होता. पत्रा तापून कडकड वाजत होता. कूलर आपला धडधडत होता. योगीराज लॅपटॉपसमोर बसून शून्याकडं बघत होता. हे त्याचं रोजचंच काम झालं होतं.

होला थांबला…

पत्र्याची कडकड थांबली…

कूलर चालूच होता. पण त्याचा आवाज शेजारच्या गावातून यावा तसा लांबून यायला लागला…

आणि शून्याचा एक झाला.

योगीराज उभाच राहिला. एसटीत कुणी म्हातारं चढलं की उठतो, तसा.

करडं कडं एका ठिपक्यावर आलं. भांडं उघडलं. नाव मोठं झालं. बराच वेळ काहीच हललं नाही. पहिलीतलं पोर अक्षराखाली बोट धरून वाचतं, तसं कुणीतरी वाचत असावं. मग भांडं मिटलं. कडं शेजारच्या ठिपक्यावर.

पुन्हा तेच. पुन्हा शेजारचा.

'धातू', 'गाव' ही बटणं त्या माणसानं दाबलीच नाहीत. योगीराजला जरा वाईट वाटलं, कारण खरी मेहनत त्यातच होती. पण तक्रार कुणाकडं करणार?

उन्हं कलली. आकडा शून्य झाला. त्याच क्षणी होला पुन्हा घुमायला लागला. मधेच कुणी बोलायला आलं म्हणून थांबला होता जणू.

दुसऱ्या दिवशीही आलं कुणीतरी. तिसऱ्या दिवशीही. रोज जेवणवेळ टळली की. आदल्या दिवशी जिथं सोडलं, त्याच्या पुढच्या ठिपक्यापासून.

मी असतो तर घाबरलो असतो. योगीराजनं दाढी केली. बनियनवर बसायचा, तो इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागला. समोरच्याला आपण दिसत नाही, हे त्याला माहीत होतं. निदान तेव्हा तरी त्याचा तसा समज होता.

एकेक भांडं उघडत कुणी शोधत बसलंय, म्हणजे नक्की एखादं नाव हवं असणार. म्हणून त्यानं पेजवर एक चौकट टाकली. 'नाव शोधा.'

त्या दुपारी होला थांबला. एक झाला. कडं चौकटीपाशी आलं. आणि एकेक अक्षर उमटायला लागलं. सावकाश. मध्ये श्वास घ्यावा तसं थांबत…

च…

न्न…

ब… स…

म्मा.

चन्नबसम्मा.

खाली पेजनं लिहिलं, 'काही सापडलं नाही.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा चन्नबसम्मा. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता, उन्हातून कुणी दारात आलं तर आपण आधी पाणी विचारतो. आणि योगीराजचं पेज मात्र जगातल्या एकुलत्या एका पाहुण्याला रोज दारातूनच परत पाठवत होतं. त्याला खाल्लेलं गोड लागेना. त्यानं ते वाक्य बदललं. त्या जागी लिहिलं, 'अजून सापडलं नाही. शोधतोय. रोज येत जा.'

हे लिहायला नको होतं, असं तो आता म्हणतो.

शेजारी कडूमावशी राहतात. त्याही एकट्याच. मामी गेल्यापासून भिंतीवरून त्याला भाकरी द्यायच्या. त्यानं त्यांना विचारलं.

"मावशी, चन्नबसम्मा कोण असेल?"

"कोन?"

"चन्नबसम्मा. माझ्या पेजवर येते रोज. दुपारी."

कडूमावशींनी भाकरी भिंतीवरच ठेवली. "पोरगी हाय का काय? सविताला सांगितलंस का?"

"पोरगी हाय का काय ते माहीत न्हाई मावशी. नुसतं नाव शोधायलीय."

"नाव तर म्हाताऱ्या बाईचं वाटतंय. सोनपेठकडं हायेत बघ असली नावं, लिंगायतात." मग भाकरी त्याच्या हातात देत म्हणाल्या, "लय एकटा राहायलास तू. कूलरसमोर बसून बसून डोस्कं गार पडलंय तुझं."

त्यानं राजशेखर सरांना फोन लावला.

"सर, दुपारी तुम्ही पेज बघता का हो?"

"मी? दुपारी मीटिंग असते रे."

"मीटिंगमध्ये बघता का?"

"मीटिंगमध्ये मी झोपतो. का, कुणी बघायलंय की काय?" पुण्यात राहून सरांचं मूळ सोनपेठ असं अधूनमधून बाहेर यायचं.

"एक जण आहे. चन्नबसम्मा नावाचं भांडं शोधतंय."

"नाव आमच्याकडचंच आहे. पण यादीत नसेल." मग सरांना आठवलं. "अरे, तुला एक खोकं पाठवलं होतं बघ. पोचे आलेली, नावं न दिसणारी भांडी. त्यांचे फोटो काढलेस का?"

खोकं पलंगाखालीच होतं. आलं त्या दिवसापासून. भांडी पार काळी होती, म्हणून राहून गेलं होतं.

त्यातून एक तांब्या निघाला. एका कुशीला चेपलेला. चुलीत ठेवला होता की काय असा काळा. योगीराजनं चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि अंगणात बसून घासायला लागला. कडूमावशी भिंतीपलीकडून सूचना देत होत्या. काळं निघालं. खालून पिवळं उघडलं. गळ्याजवळ एक ठिपका दिसला. मग दुसरा.

ठिपक्यांची अक्षरं झाली.

'लिंगैक्य चन्नबसम्मा विरूपाक्ष यांच्या स्मरणार्थ.'

त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"लिंगैक्य म्हंजे कैलासवाशी की रे," कडूमावशी म्हणाल्या. "गेलेल्या बाईच्या नावानं वाटलेला हाय तांब्या." मग म्हणाल्या, "हीच का तुझी?"

"नात असेल मावशी. आजीचं नाव ठेवतात. आजीची आठवण म्हणून शोधत असेल."

"असंल," कडूमावशी म्हणाल्या. त्या आवाजात 'नसंल' होतं. "अन् घासलेला तांब्या रिकामा नको ठेवूस. पानी भरून ठेव."

त्यानं फोटो काढला. पेजवर चढवला. 'गाव' दाबून बघितलं. नवा ठिपका उठला आणि सोनपेठला गेला. बाकीचे गर्दी करून बसले होते. हा जरा बाजूला, एकटाच बसला. त्यानं सरकवून आत घेतला, तर पुन्हा बाहेर आला. तांब्या पाण्यानं भरून त्यानं मागं स्टुलावर ठेवला. आणि वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर जिवंत होता, मोबाईलच्या नेटवर.

होला थांबला…

एक.

च. न्न. ब. स. म्मा.

'१ वस्तू सापडली.'

कडं त्या एकट्या ठिपक्यापाशी गेलं. तांब्या उघडला. नाव मोठं झालं. आणि मग कडं तिथून हललंच नाही.

योगीराज सांगतो, त्याचे डोळे भरून आले होते. दीड वर्षाच्या कामाकडं पहिल्यांदा कुणीतरी इतका वेळ बघत होतं.

तेवढ्यात मागं…

टिच्.

धातूवर धातू आपटावा, तसा आवाज. एकदाच.

त्यानं मागं बघितलं नाही. पडद्याकडं बघितलं. पाहणारे एक. कूलर बंद असताना मानेला गार वारं लागलं. कितीतरी वेळानं आकडा शून्य झाला आणि होला घुमायला लागला, तेव्हा तो वळला.

तांब्या स्टुलावर होता. रिकामा होता.

आणि उपडा होता.

पाणी प्यायल्यावर आपण घालतो, तसा. खाली फरशी कोरडी. आता ऊन होतं, पाणी आटतं, हे मी मान्य करतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. पण उन्हाला तांब्या उपडा घालता येत नाही.

योगीराजला वाटलं, झालं, सापडलं तिला, आता येणार नाही. त्याला भीतीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी शर्ट घालायचाही त्याला कंटाळा आला.

पण होला थांबला…

कडं थेट चौकटीपाशी आलं. एकेक अक्षर.

यो…

गी…

रा… ज.

'अजून सापडलं नाही. शोधतोय. रोज येत जा.'

त्याचं नाव पेजवर होतं. अगदी खाली, बारीक अक्षरात. 'पेज बनवणारा : योगीराज, देवगाव फाटा.' तिथपर्यंत कुणी वाचत नाही, अशी त्याची कायमची तक्रार होती. ती मिटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा योगीराज. अजून सापडलं नाही. पेज पाहुणीला सांगत होतं, रोज येत जा. त्यानं ते वाक्य काढून टाकलं. ती येतच राहिली.

घरातलं एकेक भांडं त्यानं उलटंपालटं करून बघितलं. मामांची नावं, मामींच्या माहेरची नावं, कुठल्यातरी पतसंस्थेचं नाव. त्याचं स्वतःचं नाव कशावरही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याला याचं बरं वाटलं.

मग एका दुपारी पेजनं लिहिलं…

'१ वस्तू सापडली.'

त्यानं ती वस्तू चढवली नव्हती. 'गाव' दाबलं. सगळे ठिपके उठून आपापल्या गावाला गेले. एक ठिपका मात्र कुणाबरोबर न जाता सरळ देवगाव फाट्यावर येऊन बसला. तिथं दुसरा एकही नव्हता.

त्यानं टिचकी मारली.

'तांब्या. पितळ. देवगाव फाटा. नाव : योगीराज. छायाचित्र : अजून उपलब्ध नाही.'

त्यानं मामींना फोन लावला.

"आई, तू कुठं भांडी घेतली का? माझं नाव टाकून?"

"अगं बाई, कुनी सांगितलं तुला? प्रियांकानं? तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई!" मामी खुशीत होत्या. "बारशाला वाटायला घेतल्यात. मामाकडून भेट म्हनून. काल टाकली नावं."

योगीराज खाली बसला. त्याचा जीव भांड्यात पडला. अक्षरशः.

"काय टाकलंय आई? नीट वाच."

"मामा योगीराज यांच्याकडून सप्रेम भेट. अजून काय टाकनार? का रे, रडायलास का?"

"न्हाई. तांबेच घेतले ना पितळेचे?"

"पितळ कुठं परवडतंय! स्टीलच्या वाट्या हायेत. हैदराबादला घेतल्या, हितल्याच दुकानात."

स्टील. वाट्या. हैदराबाद.

ठिपका देवगाव फाट्यावर होता.

त्यानं तो ठिपका काढून टाकला. दुपारी पुन्हा आला. पुन्हा काढला. पुन्हा आला. करडं कडं रोज येतं, नाव लिहितं, त्या ठिपक्यापाशी जातं. फोटो नाही म्हणून थोडा वेळ थांबतं. परत जातं. चिडत नाही. घाई करत नाही. बसची वाट बघणाऱ्या बाईसारखं.

उन्हाळा संपत आला, तसा राजशेखर सरांचा फोन आला.

"योगीराज, मी आकडे बघितले. रोज एकच माणूस येतंय रे. बंद करू या का?"

हे ऐकून मी तर सुटकेचा निःश्वास सोडला असता. एका शब्दात प्रश्न मिटत होता.

"नको सर," योगीराज म्हणाला.

"का रे? एकाच माणसासाठी?"

"सर, ती हितं शोधायलीय तवर बरं हाय. पेज बंद केलं तर ती शोधायला कुठं जाईल?"

सर हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. आमच्या घरात गंमत करायची सवय आहे, त्याचा हा तोटा.

पेज चालू राहिलं. आजही आहे.

मी मागच्या आठवड्यात फाट्यावर उतरलो होतो. दुसऱ्या एसटीत न बसता मागच्या पत्र्याच्या घराकडं गेलो, बहुतेक वर्षात पहिल्यांदा. योगीराज इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मागं स्टुलावर तो चेपका तांब्या, काठोकाठ भरलेला. तो रोज भरून ठेवतो. रोज संध्याकाळी उपडा असतो.

"एवढं करून पाणी कशाला देतोस?" मी विचारलं.

"येते बिचारी उन्हातून," तो म्हणाला. मग म्हणाला, "दुसरं कोण येतंय?"

मी पिशवी उचलली. मला उत्तर येत होतं.

निघताना भिंतीपाशी कडूमावशी भेटल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी योगीराजलाच हाक मारली.

"का रे, दुपारचं काय ठोकायलास आजकाल? चार-पाच दिवस झाले ऐकायलीय. टिच्, टिच्, टिच्. भांड्यावर नावं टाकायला शिकलास का?"

योगीराजनं माझ्याकडं बघितलं.

तो रोज दुपारभर त्याच खोलीत बसलेला असतो. त्याला तसलं काहीच ऐकू येत नाही.